असिसीचा फ्रान्सिस आणि नाताळची गव्हाण

नाताळचा सण जवळ आला म्हणजे शाळेच्या मोठ्या दालनाचें रूप पालटूं लागतें. कोणी रंगीत कागदांच्या पताका कातरतो, कोणी वेळूच्या कामट्यांचा तारा बांधून त्याला पातळ कागद चिकटवितो, तर कोणी सुरूची एखादी बरीशी फांदी मिळविण्यासाठीं गांवभर हिंडतो. ह्या धांदलींत एखादा चौकस विद्यार्थी हातांतलें काम थांबवून विचारतो, कीं हें सर्व आलें तरी कोठून? हा प्रश्न आम्हांस फार आवडतो. आपण ज्या चालीरीति पाळतों त्यांचा उगम आपणांस ठाऊक नसेल, तर सण म्हणजे केवळ शोभेचा खेळ होऊन बसतो, व खेळ संपला कीं तो विसरून जातो.

ह्या चालींचे उगम मोठे मौजेचे आहेत. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत कोठेंहि दिलेली नाहीं. रोम शहरांत त्या दिवशीं ख्रिस्तजन्माचा सण पाळीत असत, याचा जुन्यांत जुना लेखी पुरावा इ. स. ३३६ सालचा आहे. दिव्यांनीं सजविलेलें झाड जर्मन लोकांच्या घरांतून आलें. राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन पति आल्बर्ट व त्यांचीं मुलें अशा झाडाभोंवतीं उभीं आहेत, असें चित्र इ. स. १८४८ मध्यें लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत छापलें गेलें, आणि मग इंग्लंडांत घरोघरीं झाड उभें राहूं लागलें. नाताळच्या शुभेच्छेचें छापील पत्र हेन्री कोल नांवाच्या इंग्रज गृहस्थानें इ. स. १८४३ मध्यें प्रथम तयार करविलें. मुलांना देणग्या वांटणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा हा मूळचा आशियामायनरमधील मायरा शहराचा बिशप निकलस. त्याचा काळ चौथें शतक. त्या देशांतून युरोपांत व तेथून अमेरिकेंत प्रवास करतां करतां त्याचा पोशाख व वाहन हीं दोन्ही बदललीं!

परंतु ज्या प्रश्नामुळें हा लेख लिहावयास आम्ही प्रवृत्त झालों, तो प्रश्न याहून निराळा होता. एका नाताळांत आमचे विद्यार्थी दालनाच्या कोपऱ्यांत ख्रिस्तजन्माचा देखावा मांडीत होते. पुठ्ठ्याचा गोठा, मातीचा बैल, मातीचें गाढव, आणि छपरावर बर्फ म्हणून पसरलेला कापूस, असा तो थाट होता. एका खेडेगांवाहून आलेला, शेतकऱ्याच्या घरचा मुलगा बराच वेळ तें पाहत उभा राहिला व नंतर त्यानें आम्हांस विचारलें, कीं लूकाच्या शुभवर्तमानांत बैलाचें नांव नाहीं, गाढवाचें नाहीं, मग हे दोघे येथें आले कसे? आम्ही पुस्तक उघडून पाहिलें. मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. तेथें गोठ्याचेंहि नांव नाहीं. आहे ती केवळ एक गव्हाण. उतारशाळेंत जागा नव्हती म्हणून बाळास बाळंत्यांत गुंडाळून तींत निजविलें, एवढेंच लूक सांगतो. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस एका मनुष्याची जीवनकथा सांगावी लागली. तीच येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

इटली देशाच्या मध्यभागीं उंब्रिया नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. त्यांतील असिसी ह्या गांवीं इ. स. ११८१ किंवा ११८२ मध्यें पिएत्रो बर्नार्दोने नांवाच्या एका श्रीमंत कापडव्यापाऱ्याच्या घरीं एक मुलगा जन्मास आला. बाप त्या वेळीं व्यापारानिमित्त फ्रान्स देशीं गेला होता. आईनें बाळाचें नांव योहान असें ठेविलें. परंतु बाप परत आल्यावर त्यानें तें बदलून फ्रान्सिस, म्हणजे फ्रेंच माणूस, असें ठेविलें. पुढें सर्व जगानें त्यास ह्याच नांवानें ओळखिलें. मुलगा आनंदी, उधळ्या व गाण्याबजावण्याचा मोठा शोकी निघाला. मित्रमंडळींत मेजवान्यांचा खर्च तोच करी, व उंची वस्त्रें तर घरचींच होतीं. बापाला पैशाची पर्वा नव्हती. आपला मुलगा सरदारांच्या मुलांत मिसळतो, ह्याचाच त्यास अभिमान वाटे.

फ्रान्सिसला शूर योद्धा होण्याची हौस होती. इ. स. १२०२ मध्यें असिसी व शेजारचें पेरुजा शहर यांमध्यें युद्ध जुंपलें, त्यांत तो लढावयास गेला आणि पकडला गेला. सुमारें एक वर्ष त्यानें पेरुजाच्या बंदिखान्यांत काढलें. सुटून घरीं आल्यावर तो दीर्घकाळ आजारी होता. बरा झाल्यावर पुनः चिलखत चढवून दक्षिणेकडील लढाईस जावयास निघाला. परंतु स्पोलेतो गांवापर्यंत जाऊन परत फिरला. ज्या वैभवाच्या मागें आपण धांवत आहों त्यांत कांहीं अर्थ नाहीं, अशी हुरहुर त्याच्या अंतःकरणास लागली होती. ह्याच सुमारास रस्त्यानें जातांना त्यास एक कुष्ठरोगी भेटला. कुष्ठरोग्याचें दर्शनहि त्यास पूर्वीं असह्य होत असे. परंतु त्या दिवशीं तो घोड्यावरून उतरला, त्यानें त्या मनुष्याच्या हातीं द्रव्य दिलें व त्याच्या हाताचें चुंबन घेतलें. आपल्या आयुष्याचा ओघ पालटला तो कुष्ठरोग्यांमध्यें वावरूं लागल्यापासून, असें त्यानें स्वतः आपल्या अंतकाळच्या लेखांत नमूद करून ठेविलें आहे.

असिसीच्या वेशीबाहेर सान दामियानो नांवाचें एक पडकें देवालय होतें. तें दुरुस्त करावयाचें म्हणून फ्रान्सिसनें बापाच्या दुकानांतील कापड व आपला घोडा फोलिन्यो गांवच्या बाजारांत विकून टाकला. बाप संतापला, आणि प्रकरण बिशपापुढें गेलें. पैसे परत कर, असें बिशपानें सांगतांच फ्रान्सिसनें पैसे तर दिलेच, पण अंगावरचीं सर्व वस्त्रेंहि उतरवून बापापुढें ठेविलीं, व यापुढें आपला पिता एक, स्वर्गांतला, असें सर्वांसमक्ष सांगितलें. बिशपानें आपल्या झग्यानें त्याची नग्नता झांकली. ही गोष्ट इ. स. १२०६ ची. आम्ही स्वतः मुलांचे बाप आहों. म्हणून ही कथा सांगतांना आम्हांस त्या पिएत्रोचीहि कींव येते. त्यानें मुलाला जें देतां येत होतें तें सर्व दिलें. मुलाला जें पाहिजे होतें तें मात्र त्याच्या दुकानांत नव्हतें.

पुढलीं दोनतीन वर्षें फ्रान्सिसनें दगड वाहून पडकीं देवालयें बांधण्यांत व कुष्ठरोग्यांची सेवा करण्यांत घालविलीं. एके दिवशीं येशूनें शिष्यांस सोनें, रुपें, झोळी यांपैकीं कांहींहि न घेतां प्रवासास पाठविलें, तो शास्त्रभाग त्याच्या कानीं पडला. त्यानें पायांतले जोडे काढले, कातड्याचा पट्टा टाकून कमरेस दोरी बांधली, व तो लोकांस पश्चात्तापाचा व शांतीचा उपदेश करूं लागला. हळूहळू त्याला साथीदार मिळाले. इ. स. १२०९ मध्यें हे अवघे बारा जण रोमला गेले, आणि तिसऱ्या इनोसंट पोपनें त्यांच्या जीवनक्रमास तोंडी संमति दिली. त्यांनीं आपणांस लहान बंधु असें नांव घेतलें. घर नाहीं, शेत नाहीं, पैसा नाहीं. दिवसभर कोणाच्या शेतांत काम करावें व मजुरी न मिळाल्यास दारोदार भाकर मागावी, असा त्यांचा नेम होता. इ. स. १२१२ च्या सुमारास असिसीच्या एका सरदारघराण्यांतील क्लेअर नांवाची तरुण स्त्री हाच मार्ग पतकरून निघाली, व तिच्याभोंवतीं भगिनींचा निराळा संघ उभा राहिला.

इ. स. १२१९ मध्यें ख्रिस्ती सैन्यें ईजिप्तांत दमिएत्ता शहरास वेढा देऊन बसलीं होतीं. तेथें फ्रान्सिस निःशस्त्र गेला व आपल्या एका सोबत्यासह शत्रूच्या छावणींत शिरला. सुलतान अल-कामिल यानें त्याचें म्हणणें ऐकून घेतलें आणि त्यास सुखरूप परत पाठविलें. दोघांपैकीं कोणीहि आपला धर्म सोडला नाहीं. परंतु ज्या काळीं दोन्ही बाजूंस तरवारीखेरीज दुसरी भाषा कळत नव्हती, त्या काळीं दोन माणसें एकमेकांपुढें बसून बोललीं, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां आम्ही ह्या कथेच्या अशा भागाशीं आलों आहों, कीं जो पुष्कळदां वगळला जातो. आणि तो वगळला म्हणजे नाताळच्या गव्हाणीचा अर्थहि हरवतो. बारांचे हजारों बंधु झाले होते. इतक्या लोकांस उघड्या माळावर ठेवणार कसें? आजाऱ्यांस घर पाहिजे, उपदेश करणाऱ्यांस ग्रंथ पाहिजेत, असें विद्वान् बंधु म्हणूं लागले. व त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. पूर्वेकडून परत येतांना बोलोन्या शहरांत बंधूंच्या मालकीचें घर झालें आहे, असें फ्रान्सिसच्या कानीं आलें. त्यानें आजाऱ्यांसुद्धां सर्वांस तेथून बाहेर पडावयास लाविलें. तें घर आपलें आहे, असें कार्डिनल उगोलिनो यानें जाहीर केलें, तेव्हांच बंधु पुनः आंत गेले. इ. स. १२२० मध्यें फ्रान्सिसनें संघाचें पुढारीपण सोडून दिलें. आपल्या हातांनीं लाविलेल्या रोपट्याचा वृक्ष झाला, परंतु त्याला आपणांस ओळखूं न येणारें फळ येऊं लागलें, अशी त्याची स्थिति झाली. त्यानें लिहिलेली नियमावली फार कठीण म्हणून पुनः लिहावी लागली. अखेरीस २९ नोव्हेंबर १२२३ रोजीं तिसऱ्या होनोरियस पोपनें नव्या नियमावलीस मान्यता दिली. त्या वेळीं फ्रान्सिस चाळीसएक वर्षांचा होता; परंतु उपासांनीं व आजारानें त्याचें शरीर खंगून गेलें होतें, व ईजिप्तांतून आलेल्या नेत्ररोगानें त्याची दृष्टीहि मंद होत चालली होती.

ह्या मान्यतेनंतर चार आठवडेहि झाले नव्हते, तोंच नाताळ आला. रिएती नांवाच्या खोऱ्यांत डोंगरकड्याला चिकटून ग्रेच्यो हें लहानसें खेडें आहे. तेथें योहान नांवाचा एक सज्जन सरदार राहत असे. फ्रान्सिसचें त्याच्यावर फार प्रेम होतें. सणापूर्वीं सुमारें पंधरा दिवस फ्रान्सिसनें त्यास बोलावून सांगितलें, कीं ह्या वर्षीं नाताळ तुमच्या गांवीं करूं. एक गव्हाण आणा, तींत वाळलें गवत भरा, व एक बैल आणि एक गाढव तेथें आणून बांधा. बेथलेहेमांत जन्मलेल्या बाळाला कोणत्या गैरसोयी सोसाव्या लागल्या, गवतावर तें कसें निजलें, हें आपल्या ह्या चर्मचक्षूंनीं पाहण्याची त्याची इच्छा होती.

ती रात्र आली. आसपासच्या वस्त्यांतून बंधु आले, आणि खेड्यांतील पुरुष व स्त्रिया मशाली व मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आल्या. रान उजळून निघालें व गाण्यांनीं दुमदुमलें. गव्हाणीजवळच मिस्सा झाला. फ्रान्सिस हा शेवटपर्यंत पुरोहित झाला नाहीं; तो डीकन होता. म्हणून डीकनाचीं वस्त्रें लेवून त्यानें शुभवर्तमानाचा पाठ गाऊन म्हटला व नंतर लोकांस उपदेश केला. बेथलेहेम हें नांव तो अशा कांहीं स्वरानें उच्चारी, कीं कोंकरूं ओरडत असल्याचा भास व्हावा. आणि येशूचें नांव घेतांना, कांहीं गोड पदार्थ चाखावा त्याप्रमाणें तो ओंठांवरून जीभ फिरवी. तेथें हजर असलेल्या एका सद्गृहस्थास असें दिसलें, कीं गव्हाणींत एक निश्चेष्ट बालक पडलें आहे व फ्रान्सिस जवळ जातांच तें झोंपेंतून जागें झालें. हा सर्व वृत्तांत चेलानो गांवच्या थॉमस नांवाच्या बंधूनें, फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर दोनतीन वर्षांतच, त्याच्या चरित्रांत लिहून ठेविला आहे. त्या दर्शनाचा अर्थही त्यानेंच सांगितला आहे. तो असा, कीं पुष्कळांच्या अंतःकरणांत निजून गेलेला ख्रिस्त फ्रान्सिसच्या योगानें पुनः जागा झाला.

वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या वृत्तांतांत मरीयेचें सोंग घेतलेली स्त्री नाहीं, योसेफ नाहीं, मेंढपाळ नाहींत, मुकुट घातलेले मागी नाहींत. आहेत तीं गव्हाण, गवत, व दोन मुकीं जनावरें. मध्यभागची जागा मोकळीच आहे. आणि हीं दोन जनावरें तरी कोठून आलीं? आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे, व अर्धें याहून जुनें आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत, बैल व गाढव आपल्या धन्यास ओळखतात, परंतु देवाचे लोक मात्र त्यास ओळखीत नाहींत, अशा अर्थाची तक्रार आहे. त्या वचनावरून प्राचीन ख्रिस्ती लोकांनीं हीं दोन जनावरें गव्हाणीजवळ आणलीं, आणि चौथ्या शतकांत दगडी शवपेट्यांवर कोरलेल्या चित्रांतहि तीं आढळतात. यावरून हेंहि दिसेल, कीं ख्रिस्तजन्माचा देखावा फ्रान्सिसनेंच प्रथम कल्पिला, असें जें सरसकट म्हणतात तें बरोबर नाहीं. चित्रें त्याच्यापूर्वीं होतीं, देवालयांत त्या प्रसंगाचे नाट्यप्रवेशहि होत. फ्रान्सिसनें केलें तें हें, कीं तो प्रसंग त्यानें देवालयाबाहेर, खऱ्या गवताच्या वासांत व खऱ्या जनावरांच्या उबेंत, शेतकऱ्यांमध्यें नेला.

हें त्यानें कां केलें असावें? आम्हांस असें वाटतें, कीं संघाच्या वादांत जें त्यास शब्दांनीं पटवून देतां आलें नाहीं, तें त्यानें गव्हाण मांडून दाखविलें. देवाचा पुत्र जगांत आला तेव्हां त्याच्या मालकीचें घर नव्हतें, अंथरूण नव्हतें, गव्हाण होती तीहि दुसऱ्याची. मग त्याच्या मागें जाणाऱ्यांनीं घराच्या मालकीवरून काय भांडावें? तेथें जमलेल्या शेतकऱ्यांस देवळांतली लॅटिन भाषा समजत नव्हती. परंतु गव्हाण म्हणजे काय, हें त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तीं माणसें रोज पहांटे तिच्यांत वैरण घालीत असत. ज्या वस्तूजवळ तीं अंधारांत वांकत होतीं, तिच्याजवळच आज त्यांनीं देवासाठीं गुडघे टेकले. थॉमस लिहितो, कीं तें गवत लोकांनीं जपून नेलें व आजारी गुरांस खाऊं घातलें, आणि तीं बरीं झालीं. ही कथा कोणी कशीहि मानो. गुरांच्या दुखण्यासाठीं नाताळचें गवत नेणाऱ्या त्या गांवकऱ्यांना सणाचा अर्थ आपल्या गोठ्यापर्यंत पोंचल्यासारखा वाटला, एवढें निश्चित.

नाताळविषयीं फ्रान्सिसच्या आणखी कांहीं आठवणी आहेत, व त्या मुलांनीं अवश्य ऐकाव्या अशा आहेत. इतर सर्व सणांहून त्यास हा सण प्रिय होता. एकदां नाताळ शुक्रवारीं आला. शुक्रवार हा मांस वर्ज्य करण्याचा दिवस. तेव्हां ह्या दिवशीं मांस खावें किंवा नाहीं, असा बंधूंमध्यें वाद निघाला. फ्रान्सिसनें त्या शंकेखोर बंधूची कानउघाडणी केली, व आजच्या दिवशीं भिंतींनींहि मांस खावें अशी आपली इच्छा आहे, त्यांना खातां येत नसेल तर निदान वरून तरी तें चोळावें, असें सांगितलें. जो मनुष्य वर्षभर उपास करी त्याचें हें बोलणें आहे! त्याची दुसरी इच्छा अशी होती, कीं बादशहास भेटून एक हुकूम काढण्याची विनंति करावी. तो हुकूम असा, कीं नाताळच्या दिवशीं लोकांनीं रस्त्यांवर धान्य पसरावें, म्हणजे पांखरांस, विशेषतः चंडोलांस, पोटभर मिळेल. बैलांस व गाढवांस रोजच्याहून अधिक वैरण द्यावी, आणि श्रीमंतांनीं दरिद्र्यांस जेवूं घालावें. पोळ्याच्या दिवशीं बैलांस न्हाऊं घालून पुरणपोळी चारणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांस ही इच्छा चटकन समजेल. परंतु एकदां जेवतांना मरीयेस किती दारिद्र्य सोसावें लागलें याची कोणी आठवण काढली, तेव्हां तो हुंदके देत ताटावरून उठला व उरलेली भाकर त्यानें उघड्या जमिनीवर बसून खाल्ली. आनंद व अश्रु हीं दोन्ही त्याच्या नाताळांत एकाच वेळीं राहत असत.

ग्रेच्योनंतर तो तीन वर्षेंहि जगला नाहीं. इ. स. १२२४ मध्यें ला व्हेर्ना डोंगरावर प्रार्थनेंत मग्न असतां ख्रिस्ताच्या जखमांसारख्या जखमा त्याच्या देहावर उमटल्या, असें त्याचे चरित्रकार सांगतात. डोळे जवळजवळ गेले. वैद्यांनीं उपचार म्हणून तापविलेल्या लोखंडानें त्याच्या कानशिलावर डाग दिला. त्या वेळीं त्यानें अग्नीस बंधु म्हणून संबोधिलें व सौम्य होण्याची त्यास विनवणी केली. ह्याच अंधत्वाच्या काळांत, इ. स. १२२५ च्या सुमारास, सूर्यास व वाऱ्यास बंधु आणि चंद्रास व पाण्यास भगिनी म्हणणारें स्तोत्र त्यानें आपल्या प्रांताच्या बोलींत रचिलें. इटालियन भाषेंतील अगदीं आरंभीच्या काव्यांत त्याची गणना होते. ज्यास सूर्याचा प्रकाश सोसत नव्हता, त्यानें सूर्याबद्दल देवाचे आभार मानावे, हें आश्चर्य आहे. ३ ऑक्टोबर १२२६ रोजीं संध्याकाळीं, स्वतःच्याच विनंतीप्रमाणें उघड्या जमिनीवर ठेविलेला असतां, त्यानें प्राण सोडला.

त्याच्या मागून जें घडलें तें त्यानें पाहिलें असतें तर तो हंसला असता कीं रडला असता, हें सांगणें कठीण आहे. त्याचा मित्र उगोलिनो नववा ग्रेगरी या नांवानें पोप झाला होता. त्यानें १६ जुलै १२२८ रोजीं फ्रान्सिसला संतपद दिलें, आणि दुसऱ्याच दिवशीं असिसी येथें त्याच्या नांवें एका भव्य देवालयाचा पाया घातला. ज्यानें बोलोन्याच्या घरांतून आजाऱ्यांस बाहेर काढिलें, त्याच्या अस्थींवर एकावर एक अशीं दोन देवालयें उभीं राहिलीं. त्यांच्या भिंतींवर ग्रेच्योच्या रात्रीचेंहि चित्र आहे. परंतु चित्रकारानें तो प्रसंग डोंगरावरून उचलून संगमरवरी देवालयाच्या गाभाऱ्यांत नेऊन बसविला आहे.

गव्हाणीचेंहि तसेंच झालें. इ. स. १२९१ च्या सुमारास आर्नोल्फो दि कांबियो नांवाच्या शिल्पकारानें रोममधील सांता मारिया माज्जोरे ह्या देवालयासाठीं दगडी मूर्तींचा देखावा घडविला. अठराव्या शतकांत नेपल्सच्या राजवाड्यांत व सरदारांच्या वाड्यांत ह्या देखाव्यास इतकें वैभव चढलें, कीं त्यांत रेशमी पोशाख केलेल्या मूर्ति, खाटिक, भाजीवाले, खाणावळी व अख्खा बाजार दिसूं लागला. बाळ शोधून काढावें लागे. तथापि चांगलेंहि पुष्कळ झालें. फ्रान्सिसचे बंधु जेथें गेले तेथें त्यांनीं लोकांच्या भाषेंत नाताळचीं गीतें रचिलीं. इंग्लंडांत कँटरबरी येथील जेम्स रायमन ह्या बंधूच्या नांवावर इ. स. १४९२ च्या हस्तलिखितांत शंभराहून अधिक गीतें आहेत. इ. स. १५१७ मध्यें हे बंधु गोव्यास आले. जुन्या गोव्यांत असिसीच्या फ्रान्सिसच्या नांवाचें त्यांचें देवालय आजहि उभें आहे. गोव्यांत, वसईंत व मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळच्या देखाव्यास गोठा हेंच नांव आहे, आणि कोठें कोठें मुलें आठपंधरा दिवस आधीं नाचणी पेरून त्या गोठ्यापुढें हिरवें गवत उगवितात. ग्रेच्योच्या त्या रात्रीस इ. स. २०२३ मध्यें आठशें वर्षें पूर्ण झालीं.

आमच्या मंडळींत संतांच्या मूर्ति ठेवण्याची चाल नाहीं, व फ्रान्सिसच्या पंथाशीं आमचा कांहीं संबंध नाहीं. तरी आम्हांस असें वाटतें, कीं ज्या वस्तूस लूकानें एका वाक्यांत स्थान दिलें, तिच्याकडे जगाचें लक्ष पुनः वळविणाऱ्या ह्या मनुष्याचे आम्ही सर्व ऋणी आहों. गव्हाण ही शोभेची वस्तु नाहीं. ती भुकेल्या जनावराच्या तोंडापुढची वस्तु आहे. तिच्यांत जर देवाचा पुत्र निजला, तर जगांतील कोणतेंहि घर, कितीहि अंधारें असो, त्याच्या येण्यास अयोग्य ठरत नाहीं. आणि कोणतेंहि घर, कितीहि शृंगारलेलें असो, त्याच्या गैरहजेरींत रिकामेंच राहतें.

त्या शेतकऱ्याच्या मुलास आम्हीं ही सर्व हकीकत सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकली, नंतर गोठ्याच्या छपरावरचा कापूस हळूच काढून टाकला, व दुसऱ्या दिवशीं घरून येतांना कडब्याची एक पेंढी घेऊन आला. पुठ्ठ्याच्या गोठ्यांत ती मावली नाहीं, म्हणून आम्हीं ती त्याच्यापुढें जमिनीवर पसरली. दालनांत रंगीत कागदांचा, खळीचा व मेणाचा वास येत होता, त्यांत कडब्याचा वास मिसळला. सण संपल्यावर पताका व तारा पेटींत ठेविल्या, आणि तो कडबा मात्र त्या मुलानें उचलून शाळेच्या दाराशीं उभ्या असलेल्या एका भाड्याच्या गाडीच्या बैलांपुढें टाकला. आम्ही वऱ्हांड्यांतून पाहत होतों. बैलांनीं तो शेवटच्या काडीपर्यंत खाल्ला. फ्रान्सिसनें बादशहाकडून जो हुकूम काढवून घेण्याची इच्छा धरिली होती तो कधींच निघाला नाहीं. परंतु त्या दिवशीं आमच्या शाळेच्या दाराशीं तो अंमलांत आला, असें आम्हांस वाटलें.